अर्ध्या सुट्टीचा इतिहास

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, इंदूर.

विषय : अहिल्योत्सवाची अर्धी सुट्टी परत घेण्याबाबत.

महोदय,

मी इंदुरातल्या एका शाळेत दहावीत शिकतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथूनच बोर्डाच्या परीक्षेला बसायचं आहे. अर्ज मराठीत आहे. होळकर दरबारचा कारभार मोडी मराठीत चालत असे, तेव्हा या शहराला मराठी अर्जाचं नवल वाटू नये. नवल वाटलंच तर विषयाचं वाटेल.

होळकरांचं राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी. त्यांच्या पुण्यतिथीची, म्हणजे अहिल्योत्सवाची सुट्टी मात्र तिथीने मिळते. आमच्या घरच्या कॅलेंडरवर ती तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, तर शाळेच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच. आमचा महिना अमावास्येला संपतो आणि वर्गातल्या बाकीच्यांचा पौर्णिमेला, एवढाच फरक. सर म्हणाले, ‘पेपरात भाद्रपद लिही.’ आजी म्हणाली, ‘श्रावणच लिहायचं, मार्क गेले तरी चालतील.’ मी नुसती चतुर्दशी लिहिली. दोघंही रागावले.

जयंतीचा तर आम्हाला काहीच उपयोग नाही. ती ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. २०२५ मध्ये जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून भोपाळला पंतप्रधानांच्या हस्ते तीनशे रुपयांचं नाणं निघालं. ते अजून माझ्या पाहण्यात नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने ते घेतलं असतं असंही वाटत नाही.

पुण्यतिथीला सकाळी शाळेत कार्यक्रम असतो. पाहुणे दरवर्षी सांगतात, की देवी अहिल्याबाई रोज स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकत, प्रजेच्या कामात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. टाळ्या वाजतात आणि त्यापासून प्रेरणा घेऊन आम्ही सगळे घरी जातो.

राहिला प्रश्न वर्गात इतिहास शिकण्याचा. त्यासाठी आमच्याकडे स्मार्ट पॅनल आहे. ते जुन्या फळ्यावरच बसवलंय, त्यामुळे ते बंद असलं की फळाही बंद असतो. सुरू झालं की आधी स्वतःला अपडेट करतं, तोवर तास संपत येतो. सरांना हजेरीही अ‍ॅपवर लावावी लागते आणि रेंज फक्त फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली येते. शिक्षक झाडाखाली आणि विद्यार्थी वर्गात, अशी ही आधुनिक गुरुकुल पद्धत आहे.

एकदा पॅनलवर शहरातल्या होळकरांच्या राजवाड्याबद्दल क्विझ झाली. ‘राजवाडा कोणी जाळला?’ पर्याय तीन : मुघल, अफगाण, इंग्रज. मी हात वर करून म्हणालो, ‘सर, १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, तेव्हा जाळला. त्याआधी यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली होती, त्याचा तो सूड होता.’ सर म्हणाले, ‘बरोबर आहे, पण ते बटण नाहीये.’ मग वर्गाने बहुमताने मुघल दाबलं आणि पॅनलने हिरव्या फुलबाज्या उडवल्या. १९८४ च्या दंगलीत राजवाडा पुन्हा जळाला. तो प्रश्न कुठल्याच क्विझमध्ये येत नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला आजूबाजूची माणसं अजून हयात आहेत.

प्रोजेक्टसाठी अहिल्याबाईंचं चित्र हवं होतं. मित्राने ते एआयकडून काढून घेतलं. साध्या पांढऱ्या साडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बाईंना एआयने घागरा, मुकुट आणि तलवार दिली. चित्राला पहिला नंबर मिळाला आणि आता ते कार्यालयाबाहेर फ्रेम करून लावलंय. पुढच्या बॅचचा इतिहास त्यावरून शिकवला जाईल.

पुस्तकांबद्दल तक्रार नाही. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांना अख्खा धडा मिळाला. त्यातल्या नकाशावर जैसलमेरच्या राजघराण्याने आक्षेपही घेतला, म्हणजे पुस्तक कोणीतरी उघडलं. मी मात्र तोवर नववीत गेलो होतो. इतिहास माझ्या एक इयत्ता मागून चालतोय.

साहेब, या शहरात विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाचा आहे आणि विद्यापीठही. पण त्यांची राजधानी इंदूर नव्हती, महेश्वर होती, हे माझ्या वर्गात विचारून पाहा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकर इंग्रजांशी लढाई हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदुरात आली. म्हणजे आपलं हे राजधानीपण पराभवातून आलंय. पण पराभवाला सुट्टी नसते, म्हणून तो कोणाला माहीत नसतो.

सुट्टी ज्याला असते, त्याचं काय होतं तेही पाहा. रंगपंचमीची सुट्टी आमच्या पुण्याच्या मामेभावाला नाही, आम्हाला आहे, याचा मला अभिमान आहे. गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकर येतात, रंगाचे फवारे इमारतींच्या गच्चीपर्यंत जातात. अख्खं शहर राजवाड्यासमोर लोटतं आणि रंग लागू नये म्हणून राजवाडा नेमका त्याच दिवशी झाकलेला असतो.

२० मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली. अख्खं मंत्रिमंडळ भोपाळहून येऊन आत जाऊ शकलं. आमची शाळा सिटी बसने अर्ध्या तासावर आहे आणि ती अजून पोहोचलेली नाही.

सबब विनंती अशी :

१. अहिल्योत्सवाची अर्धी सुट्टी विद्यार्थ्यांपुरती रद्द करावी.

२. त्या दुपारी आम्हाला राजवाड्यात न्यावं. अहिल्योत्सवाच्या पालखीच्या गर्दीची अडचण असेल तर कोणताही कामाचा दिवस चालेल.

३. सोबत पॅनल आणू नये, सरांना आणावं. त्यांना पुष्कळ माहीत आहे, फक्त त्याचं बटण नाही.

४. ‘राजवाडा कोणी जाळला?’ हा प्रश्न तिथे, त्या दारात उभं राहून विचारू द्यावा आणि उत्तर दोन्ही वेळचं द्यावं.

आपला आज्ञाधारक,
दहावी ‘ब’मधला एक विद्यार्थी

ता.क. : हा अर्ज वाचून २१ डिसेंबरला नवी सुट्टी जाहीर करू नये. मग महिदपूरही विसरलं जाईल.