मावशींची परात आणि पोरांचा पिक्चर

"काय गं, माझ्या परातीला पोचे पडल्याचं पार शाळेत नेऊन सांगितलंस म्हणं?"

मी शेवग्याच्या शेंगा काढत होते. आकडी हातातच राहिली. कुंपणापलीकडं मावशी उभ्या, पदर खोचलेला, हातात मिश्रीची डबी. आमच्या दोन घरांमधलं हे तारेचं कुंपण नावालाच. त्यावर त्यांच्या बाजूनं गुळवेल चढलीय, माझ्या बाजूनं चादरी वाळतात. विरजण, कढीपत्ता आणि माळशिरसभरच्या बातम्या त्याच्यावरूनच इकडं-तिकडं होतात.

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"माझाच नातू. व्हिडिओत तुझा आवाज हाय म्हणं. 'मावशींची परात म्हंजी गल्लीची पालखी, दारोदार फिरती अन् पोचे मात्र माझ्या नावावर.' म्हनलीस का न्हाय?"

म्हणाले होते. पण माझ्या घरात, जावेशी, भाकरी थापता थापता. तेव्हा आमच्या कन्येनं मोबाईल चालू ठेवला होता, हे कुणाला ठाऊक?

"मावशी, बसा. सगळं सांगते. परातीचं शेवटी."

"शेवटी का? आधी परातीचं."

"मग बाकीचं ऐकणार नाही तुम्ही."

हे त्यांना पटलं असावं. त्यांनी घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या.

मुळात झालं असं की, नववीच्या वर्गाला सरांनी प्रकल्प दिला. पाच जणांचा गट करायचा आणि पाच मिनिटांत आपल्या गावाचा व्हिडिओ करून दाखवायचा. आमची पोरगी, मावशींचा नातू, टेलरच्या जुळ्या पोरी आणि गिरणीवाल्यांचा मुलगा असा गट जमला. गिरणीवाल्यांच्या मुलाला घेण्याचं कारण एकच. त्याच्या थोरल्या भावाचा मोबाईल भारी.

"आमच्या वेळी," मी म्हटलं, "शाळेतला टीव्ही निघायचा तो बालचित्रवाणी दाखवायला. पुण्याला 1984 साली सुरू झालेली ती. आपण मांडी घालून गप बघायचं. आता सर म्हणतात, तुम्ही करून दाखवा."

"मग केलं काय त्यांनी?"

"पहिल्या दिवशी? आमच्या ओसरीवर तीन तास बसले. किलोभर चिवडा संपला. ठरलं काय, तर सुरुवातीला गाणं कुठलं लावायचं."

मावशी फिस्सकन हसल्या. दुसऱ्या दिवशी भांडणं. सगळ्यांना पडद्यावर यायचं होतं, मोबाईल धरायला कुणी तयार नव्हतं. टेलरची एक जुळी म्हणाली, रिंकू राजगुरू आपल्याच तालुक्यातली, अकलूजची. 'सैराट' 2016 साली आला तेव्हा ती शाळकरीच होती, मग मी का नको? त्यावर मावशींचा नातू म्हणाला की मग मी विहिरीत उडी मारतो.

"आगं बया! पव्हायला येतंय कुठं त्याला?"

"म्हणून तर सरांनी ते सगळं रद्द केलं. म्हणाले, आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. त्यात उड्या नव्हत्या. एक पोरगं होतं आणि त्याला शाळेत जायचं होतं. तसं तुमच्या अवतीभवतीचं काहीतरी आणा."

अवतीभवतीचं म्हटल्यावर पोरांना दुसरं काय सुचणार? आषाढ तोंडावर आलेला. माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, वाटेत सदाशिवनगर-पुरंदवड्याला गोल रिंगण होतं आणि मुक्कामाला आपल्या माळशिरसात येते. ठरलं, रिंगणाचा व्हिडिओ करायचा. गिरणीवाल्यांच्या टेम्पोत बसून चौघं पुरंदवड्याला गेले.

"चौघं? पाच म्हनलीस की मगाशी."

"धाकटी जुळी गेली नाही. तिला गर्दीची धास्ती. ती राहिली आमच्या गच्चीवर. तिचं पुढं सांगते."

रिंगणाचं मावशींना काय सांगायचं? त्यांनी किती रिंगणं पाहिली असतील. मैदानाच्या मधोमध पालखी, भोवती टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. मग दोन अश्व सुटतात. एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा. तो मोकळा माउलींचा, त्यावर माउली बसलेत असं मानतात. तो पुढं गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात.

"आपल्या पोरांनी एक तास चाळीस मिनिटं शूटिंग केलं, मावशी. रात्री मी बघायला बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते हात. वर केलेले हात आणि त्या प्रत्येक हातात मोबाईल! वाऱ्याचा आवाज तर असा की कुणी कणगीत तोंड घालून फुंकतंय. त्यातून अर्धं शूटिंग मोबाईल उभा धरून केलेलं."

"अन् घोडा?"

"अकरा सेकंद. तोही स्वाराचा. माउलींचा अश्व समोर आला आणि मोबाईल बंद. आत जागाच नव्हती. थोरल्या भावाच्या लग्नातले सगळे व्हिडिओ तसेच ठेवलेले."

मावशींनी मिश्रीचं बोट दाताशी नेलं आणि मध्येच थांबवलं. "माउलींचा घोडा असा मोबाईलमधी घावतोय व्हय!"

घरी आल्यावर पोरांचे चेहरे हे एवढे. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. तेवढ्यात धाकटी जुळी गच्चीवरून उतरली, हातात आमच्या ह्यांचा काच फुटलेला जुना मोबाईल.

तिनं काय केलं होतं ऐका. वर्गात सरांनी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितलेली. फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, पण पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा एका जागी ठेवून त्याचं चित्रण थोडं थोडं करत राहिले. सगळं सलग दाखवलं तर कोंब वर येतोय, पानं फुटतायत, वेल चढतोय, सगळं बघता बघता! ते पाहून पैसेवाल्यांना खात्री पटली आणि 1913 च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लागला. गटातल्या बाकीच्यांनी ही गोष्ट ऐकून सोडून दिली. ह्या पोरीनं धरून ठेवली. गच्चीच्या कठड्यावर दोन विटा, मध्ये मोबाईल, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि खाली आमचं अंगण. दर दोन मिनिटांनी एक फोटो. अंधार पडेपर्यंत ती बसून होती. पहाटे उजाडायला परत वर चढली.

"ती पोरगी? जी बोलतच न्हाय ती?"

"तीच. 210 फोटो. सलग लावल्यावर 21 सेकंद होतात. मोकळं अंगण, मग पुढं आलेला टेम्पो, मग एक तंबू, दोन, चार, मग पाय ठेवायला जागा नाही. कपडे वाळतायत, पताका टेकवून ठेवल्यात, कुणी पाय चेपून घेतंय. मग अंधार. मग सकाळ, आणि एकेक तंबू पडत जातो. शेवटी अंगण पुन्हा मोकळं, आणि कोपऱ्यात तुम्ही, खराटा घेऊन."

"मी? झाडताना?"

"झाडताना."

मावशी गप्प झाल्या. दरवर्षी दिंडी आमच्या अंगणात उतरते आणि ती वेळापूरच्या वाटेला लागली की कुंपण ओलांडून येऊन त्या झाडून घेतात. त्यांना कुणी सांगत नाही. त्यांचं ते झाडणं आजवर आमच्यापैकी कुणी नीट पाहिलंही नसेल.

पण पोरांच्या डोक्यात उजेड पडला तो त्याआधी, आदल्या रात्री तिचे फोटो बघतानाच. घोडा तर लाख मोबाईलवाल्यांकडं आहे. पण दिंडीसाठी आपल्या गल्लीत रात्री भाकरी थापतात, ते कुणाकडं आहे? तोवर माझ्या चुलीपुढं काम सुरूच होतं. पोरगी मोबाईल घेऊन आली. तिनं बापाचा पायमोजा कापून माइकच्या भोकावर गुंडाळला होता, वारा आणि जाळाचा आवाज आत जाऊ नये म्हणून. मोबाईल आडवा धरून परातीच्या इतका जवळ आणला की पीठ उडेल म्हणून मी ओरडले.

"माझ्या परातीच्या."

"तुमच्याच. आणि हातही तुमचेच, मावशी. पडद्यावर एवढेच दिसतात. ज्वारीचं पीठ, त्यात गरम पाणी, तळहाताच्या रेटानं मळणं, मग थापणं. भाकरी परातीत गोल फिरते तसा बांगड्यांचा आवाज फिरतो. तोंड दिसत नाही कुणाचं. मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, हेच की रिंगण."

मावशींनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "काय असतंय त्यात बघन्यासारखं," असं म्हणाल्या, पण हात पदराखाली घेतला नाही.

पुढचं काम जोडाजोडीचं. फुकटातलं ॲप, कोपऱ्यात त्याचा शिक्का. पोरांनी मागं सिनेमातलं गाणं टाकलं, सरांनी काढायला लावलं. म्हणाले, गाणं दुसऱ्याचं आहे, तुम्ही विचारलंय का त्याला? आणि वहीच्या पानावर नियम लिहून दिला: ज्याचा चेहरा, ज्याचा आवाज, ज्याची वस्तू, त्याला आधी विचारायचं. पोरं तशी शहाणी. त्यांनी मुक्कामातच पखवाजवाल्या बुवांना विचारून दहा मिनिटं वाजवून घेतलं होतं. पाय चेपून घेणाऱ्या आजोबांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, काढ की, पण भेगा दिसू देऊ नको. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांची यादी केली. त्यात दोन नावं नव्हती.

"कुनाची?"

"तुमचं आणि माझं. पोरगी म्हणते, घरच्यांना काय विचारायचं!"

"हां!" मावशी घमेल्यावरून उठल्याच. "हितंच चुकतंय सगळ्यांचं. बाहेरच्याला नमस्कार, अन् घरची बाई म्हंजी भिताडाला टेकलेलं खोरं. कवाबी उचला."

मग मी त्यांना फाळक्यांच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला कडेनं भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही कामं त्या करायच्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. आज सिनेमातला मोठा पुरस्कार असतो तो दादासाहेबांच्या नावानं.

"अन् तिच्या नावानं?"

मी शेंगांच्या शिरा काढत राहिले.

नावांवरून पोरांचंही वाजलं होतंच. गिरणीवाल्यांचा म्हणे, मोबाईल माझा म्हणून दिग्दर्शक मी. माझी पोरगी म्हणे, कल्पना माझी. धाकटी जुळी काहीच म्हणेना, म्हणून तिचं नाव सगळ्यात शेवटी टाकलेलं. मावशींनी हे ऐकलं आणि आतून ती परात घेऊन आल्या. उन्हाला धरली. कडेला टोच्यानं घातलेलं नाव होतं, घासून घासून पुसट झालेलं.

"वाच."

"तुमच्या मामांचं दिसतंय. लग्नातलं आहे का?"

"व्हय. मामा गेला, मामाचं घर गेलं. पन परात कुठंबी जाऊ दे, नाव घेऊनच जाती. भांडं दिलं की नाव घालायचं. पिक्चरचंबी तेच. ज्यानं जे दिलं त्याच्यावर त्याचं नाव. कुनाचा मोबाईल, कुनाचं डोकं, कुनाचं बसनं. त्या गप पोरीचं आधी घाला."

"आणि माझं ते परातीचं बोलणं? पोरं काढून टाकतायत. मीच सांगितलं."

"काढायचं न्हाय."

"अहो, सर त्याचा क्यूआर कोड वर्गाच्या भिंतीवर लावणार आहेत. आपल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना लावले ना, ज्यांना 2020 साली जगातलं मोठं शिक्षक पारितोषिक मिळालं, तसला. कुणीही मोबाईल धरून बघेल."

"बघू दे. खरं हाय ते. परात फिरतीच की गल्लीभर. पन आधी मला विचारायचं. आता विचार."

मी विचारलं. कुंपणाच्या अलीकडं उभं राहून, हातात शेंगा घेऊन, रीतसर. त्यांनी दोनदा विचारायला लावलं.

व्हिडिओ आता चार मिनिटं बावन्न सेकंदांचा झालाय. शेवटच्या पाटीवर पहिलं नाव धाकट्या जुळीचं आहे, मोबाईल गिरणीवाल्यांच्या थोरल्याचा असं लिहिलंय, पखवाजवाले बुवा आहेत, आणि त्याखाली एक ओळ: भाकरी, परात आणि झाडलोट – मावशी. तुमच्या घरातही अशी एखादी परात कुणाच्या तरी व्हिडिओत गेली असेल, तर पोरांना एवढंच विचारा, नाव घातलं का.

पोच्यांचं म्हणाल तर मी मोजले. तीन आहेत. त्यातला एकच माझा.