सातशे पंचावन्नचा उतारा

महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी करून, त्यांतील शेवटची सहा अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढून, आणि त्या अवधीत ‘परवानगी नाही’ हे दोन शब्द सहस्रावधी अर्जांच्या समासात स्वहस्ते लिहून मी निवृत्त झालो. तेव्हा हेच दोन शब्द माझ्याच घरात, माझ्याच मेजावर, माझ्याच पैशाने घेतलेल्या संगणकाने मला वाचून दाखवावेत, यात दैवाने जुनी बाकी वसूल केली असे आमच्या सौभाग्यवतीचे मत पडले. ते मत मी दप्तरदाखल केले आहे.

प्रसंग साधा होता. मानवतच्या वाटेवर आमची चार एकर काळी जमीन आहे आणि तिचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढायचा होता. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात ही सोय झाली आहे. ज्या उताऱ्यासाठी शेतकरी तलाठ्याच्या सज्जावर चार-चार खेपा घालीत, तो आता पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. त्यासाठी ब्राउझर उघडला, तो कोपऱ्यात सूचना झळकली की नवी आवृत्ती आली आहे, अद्ययावत करून घ्यावे. वरून आलेली सूचना अमलात आणल्याखेरीज पुढच्या कामाला हात घालायचा नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली असल्याने मी तत्काळ कळ दाबली. उत्तर आले, त्याचा मतलब असा की हे अद्यतन करण्याची आवश्यक ती परवानगी आपणांजवळ नाही, आपल्या व्यवस्थापकांशी संपर्क साधावा. आमच्या घरात व्यवस्थापक म्हणावे असे एकच माणूस आहे, आणि ते स्वयंपाकघरातून विचारत होते, “कामून वरडायलाव?”

मूळ कारण मागचे होते. यंत्रावर पूर्वी विंडोज सात ही प्रणाली होती. तिची देखभाल जानेवारी 2020 मध्ये संपली, आणि 2023 च्या प्रारंभी क्रोमनेही एकशे नववी आवृत्ती ही तिच्यासाठी शेवटची ठरवून हात झटकले. तेव्हा हिंजवडीत नोकरीला असलेल्या पुतण्याने, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या आमच्या गावच्या वचनावर भिस्त ठेवून, दिवाळीच्या सुट्टीत तिच्या जागी लिनक्स बसविले आणि फायरफॉक्स आणून ‘रूट’ नामक खातेदाराच्या नावे लावून दिला. हा रूट म्हणजे वंशावळीच्या शिरोभागी असतो तो मूळपुरुष. दिसत कोणाला नाही, पण सगळी जमीन त्याच्या नावे.

युनिक्स घराण्यातील या प्रणालीचे दफ्तर मी पुढे बारकाईने पाहिले आणि, खोटे कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. हे घराणे 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मले, म्हणजे आमच्या कृषी विद्यापीठाच्याही तीन वर्षे आधी. त्यात प्रत्येक फायलीला हक्कनोंद असते. माणसांचे वर्ग तीन: मालक, गट आणि इतरेजन. हक्कही तीन: वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक. मालकाला पूर्ण सात, गटाला पाच, म्हणजे वाचा आणि चालवा, पण लेखणी लावू नका, इतरेजनांनाही पाचच. येणेप्रमाणे सातशे पंचावन्न. आमच्या सातबाऱ्यात नमुना सात हक्काचा आणि नमुना बारा पिकाचा, एवढाच काय तो फरक. अद्यतन म्हणजे जुन्या फायली खोडून त्या जागी नव्या लिहिणे, आणि ब्राउझर चालतो तो चालविणाऱ्याच्या नावाने; सबब माझ्या हाताखाली तो असेपर्यंत त्याला स्वतःच्याच अंगातली बंडीसुद्धा बदलण्याचा अधिकार नाही. खरेदीची पावती माझ्या नावे, विजेचे देयक माझ्या नावे, आणि यंत्राच्या दृष्टीने मी इतरेजन! महसूल अधिनियमात याला चपखल संज्ञा आहे: भोगवटादार वर्ग दोन. जमीन कसा, पीक घ्या, सारा भरा. पण हस्तांतराचे नाव काढाल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणा.

विंडोजवाल्यांनी हसू नये. 2007 च्या व्हिस्टापासून त्यांचाही पडदा काळवंडतो आणि ‘करू का?’ म्हणून विचारणा होते. तिला लोक इतके कंटाळले की 2012 मध्ये फायरफॉक्सने मागील दाराने परस्पर काम उरकणारा एक कायमचा कारकूनच तेथे नेमून टाकला.

परवानगी परगावाहून येणे हे मात्र परभणीकराला नवीन नाही. पूर्वी ती हैदराबादेहून येई, निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत, उर्दूत येई, आणि मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे वृद्ध पेशकार निजामी अमदानीत तयार झालेले असल्यामुळे शेवटपर्यंत तिला इजाजतच म्हणत. 1956 च्या नोव्हेंबरापासून ती मुंबईहून येऊ लागली. आता हिंजवडीहून येते. पुतण्याला फोन लावला. तो बैठकीत होता. “काका, महालक्ष्म्यांना येतो तेव्हा बघू, तोवर कशालाच हात नका लावू,” म्हणाला. आमच्या साहेबांचाही शेरा हाच असे: पुढील दौऱ्यात सादर करावे.

दरम्यान स्टेशन रोडवरील एका संगणकज्ञ तरुणाने उपाय सुचविला: “सातशे सत्त्याहत्तर देऊन टाका, काका. विषयच संपतो.” म्हणजे काय, तर मालक, गट आणि इतरेजन, सर्वांना सर्व हक्क! तलाठ्याचे दफ्तर चावडीच्या ओट्यावर उघडे टाकावे, शेजारी शाईची दौत ठेवावी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने आपापल्या नावे फेरफार ओढून घ्यावा, असा हा सल्ला तो चहाचा घोट घेत देत होता. ज्याने बत्तीस वर्षे फेरफार नोंदवहीची किल्ली जानव्याला बांधली, त्याच्या पोटात गोळा आला.

मग त्याने दुसरी युक्ती सांगितली. ‘सुडो’ असा शब्द हुकमाच्या आधी टंकावा, की सामान्य माणसाला मूळपुरुषाच्या अधिकाराने काम करता येते. ही युक्ती मला लगेच उमगली, कारण ‘तहसीलदार करिता’ असे लिहून मी कितीतरी पत्रांवर सही ठोकली आहे. 1980 च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात जे सुचले ते आमच्या कचेरीत त्यापूर्वीच रूढ होते. शब्द टंकला. यंत्राने माझाच परवलीचा शब्द विचारला, तो दिला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या, त्यांचा तर्जुमा असा: सदरहू इसम सुडोधारकांच्या यादीत नाही. या घटनेचा अहवाल पाठविण्यात येईल.

कारणे दाखवा नोटिसा मी शेकड्यांनी काढल्या. स्वतःला आलेली ही पहिलीच. अहवाल कोणाला, कोणत्या कलमान्वये, याचा उल्लेख नाही. खात्री करण्यासाठी पुन्हा टंकले, पुन्हा तेच. एकूण सात वेळा.

सातबारा त्याच संध्याकाळी जुन्याच ब्राउझरवर निमूटपणे निघाला, हे ओघात सांगून टाकतो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पुतण्या आला. मूळपुरुषाच्या नावे एक टपालपेटी त्या यंत्रातच असते आणि ती कोणी उघडीत नाही, त्याने उघडली. आत माझ्याविरुद्धचे सातही अहवाल ओळीने मांडलेले! तारीख, तास, मिनिट, सेकंद, इसमाचे नाव, कोणत्या जागी बसून कोणता हुकूम सोडला त्याचा मजकूर. “काका, हे काय करून ठेवलंव?” म्हणत तो हसत सुटला आणि एकीकडे त्याने अद्यतन उरकूनही टाकले. मी चष्मा लावून सातही नोंदी वाचल्या. खाडाखोड नाही, उपरिलेखन नाही, पांढऱ्या शाईचा ठिपका नाही. असे दफ्तर मला उभ्या नोकरीत कोणी दाखविले नव्हते.

“नोंदी चोख आहेत,” मी म्हणालो, “पण जावक क्रमांक कुठाय?”

“असलं काही नसतं काका यात.”

जावक क्रमांक नाही, तर हे सातही अहवाल रीतसर रवानाच झालेले नाहीत, हे मी त्याच्या नजरेस आणले आणि पुरणपोळीला हात घातला.