उंदराचं त्रैराशिक

माझ्या आजीचं औषधशास्त्र एका सहाणेवर मावायचं. बाळगुटीचा डबा उघडायचा, सहाणेवर दुधाचे चार थेंब सोडायचे आणि एकेक मुळी उगाळायला घ्यायची. हळकुंडाचे दोन वेढे, मुरुडशेंगेचे तीन, वेखंडाचा अर्धा, जायफळाचा फक्त एक. जायफळ हातात आलं की माजघरात कोणी तोंड उघडायचं नाही. एकदा धाकट्या काकूनं नेमकं तेव्हाच "भाजी कुठली टाकू?" म्हणून विचारलं आणि आजीचा हात एका वेढ्याऐवजी दीडावर गेला. आजीनं उगाळलेलं सगळं मोरीत ओतलं, सहाण धुतली आणि पुन्हा हळकुंडापासून सुरुवात केली. "जास्त झालं तर पोर उद्यापर्यंत डोळे उघडायचं नाही," एवढंच म्हणाली. काकू आठवडाभर भाजीचं नाव काढत नव्हती.

ही बाई चौथी शिकलेली. मी बी.एस्सी., बी.एड. सांगलीत 35 वर्षं पोरांना गणित शिकवलं, गृहपाठाच्या वह्यांत दशांशचिन्ह चुकलं म्हणून तांबड्या शाईचे गोळे काढले. आणि वयाच्या 62व्या वर्षी केसांच्या गोळीचा वेढा चुकले.

सुरुवात आमराईत झाली. सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांचे विषय वयानुसार बदलत गेलेत. आधी सासवा, मग मुलांचे मार्क, मग सुना, मग गुडघे. सध्या "तू काय घेतेस?" हा विषय चालू आहे. कुणी कोलॅजनची पावडर घेतं, कुणी अश्वगंधा, कुणी ओमेगा. कुणाच्या लेकीनं 'अँटी-एजिंग' लिहिलेली गुलाबी बाटली पाठवलेली असते. ज्या काही घेत नाहीत त्या गप्प राहतात, जणू त्यांच्या घरी अजून टीव्ही आलेला नाही. त्यातल्या एकीच्या भांगात मला नवी लव दिसली. "बायोटिन," ती कानात म्हणाली, माहेरच्या मसाल्याचं प्रमाण सांगावं तशी. संध्याकाळी बाटली घरी आली. तोंडाशी रुंद, झाकण घट्ट, आणि अंगावर ठळक आकडा: 10,000.

काय हा आकडा! शाळेतल्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट. त्याच्यापुढे काय लिहिलंय हे मी पाहिलं नाही. लेबलवर 'रोज एक' होतं. मी दोन घेऊ लागले, कारण भांगाचा रस्ता आता चौपदरी झाला होता आणि माझ्याकडे वेळ कमी होता.

त्याच सुमाराला न्यू जर्सीहून भाचा आला. पूर्वी तिकडून येणारी मंडळी बदाम आणि साबण आणायची. आता गोळ्या आणतात. "मावशी, हे एनएमएन. वय उलटं फिरतं." मग त्यानं समजावलं की अन्नातून शक्ती काढण्यासाठी पेशींना एनएडी नावाचा पदार्थ लागतो, वयाबरोबर तो कमी होतो आणि एनएमएन हा त्याचा कच्चा माल. हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांचं 2019चं पुस्तक आल्यापासून तिकडे बरेच जण हे घेतात.

"पण हे कुणावर करून बघितलंय?"

"उंदरांवर. म्हातारे उंदीर तरुणासारखे वागायला लागले."

"आणि किती घ्यायचं?"

"दोन कॅप्सूल."

"दोनच का?"

"लिहिलंय ना, मावशी."

हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नव्हतं. भाचा झोपल्यावर वही घेतली. एका गाजलेल्या प्रयोगात उंदरांना वर्षभर रोज किलोमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत एनएमएन दिलं होतं. वर्ष म्हणजे उंदराचं जवळजवळ निम्मं आयुष्य. माझं वजन 64 किलो. सरळ त्रैराशिक मांडलं: 64 गुणिले 300, म्हणजे 19,200 मिलिग्रॅम. कॅप्सूल 250ची. भागाकार केला, रोजच्या 77 कॅप्सूल. बाटलीत होत्या 60. म्हणजे साता समुद्रापलीकडून आलेली, चांगल्या इरकल साडीच्या मोलाची ती बाटली मला एका दिवसालाही पुरणार नव्हती.

गणित बिनचूक होतं. उत्तर मात्र साफ चूक, हे पुढे वाचल्यावर कळलं. उंदीर म्हणजे लहान केलेला माणूस नव्हे. त्याचं काळीज मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारतं, अंगाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब टिकवायला आतली शेगडी सतत पेटती. औषधही तो भराभर जाळतो. त्यामुळे त्याची किलोमागची मात्रा 12.3ने भागावी लागते, तेव्हा माणसाची येते. माझी मग दीड ग्रॅमच्या थोडी वर आली. ही रीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घालून दिलेली आहे, तीही माणसावरच्या पहिल्या चाचणीपुरती, आणि त्या वेळी सुरक्षेसाठी आणखी दहाने भागायला सांगतात. माणसांवरचे एनएमएनचे प्रयोग बघावेत तर ते आठवड्यांत नाहीतर महिन्यांत मोजायचे. जपानमध्ये एकात रोज 1,250 मिलिग्रॅम दिलं, काही वाईट झालं नाही, पण दिलं चार आठवडे. भाचा सांगत होता जन्मभर घ्यायला.

सरळ त्रैराशिकाने काय होतं त्याचा एक दाखला वाचून मी चष्मा काढून ठेवला. 1962 साली ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी दिलं. मांजरांना झेपलेल्या मात्रेवरून, किलोचा हिशेब लावून, 297 मिलिग्रॅम. पाचच मिनिटांत हत्ती कोसळला, दोन तासांच्या आत गेला. आठवीच्या पुस्तकात 'एका मजुराला अमुक दिवस' या उदाहरणांच्या जागी हा हत्ती घातला असता तर माझी पोरं जागी राहिली असती.

हे सगळं वाचत असताना केसांच्या दोन गोळ्या मात्र चालूच होत्या.

दर जानेवारीत मी रक्त तपासते. यंदा रिपोर्ट आला तो तांबड्या अक्षरांत. टीएसएच तळाला, टी-थ्री आणि टी-फोर छताला. आमच्या ह्यांनी मोबाइलवर अर्थ शोधला: थायरॉइड जोरात चाललंय. लक्षणं मोठ्याने वाचली. चिडचिड, अधीरपणा, भराभर बोलणं. "हे तर तुला 35 वर्षांपासून आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एका दीर्घ संशोधनाला पुष्टी मिळाल्याचं समाधान होतं. संध्याकाळपर्यंत नणंदेचा कोल्हापूरहून फोन आला. वन्संचा सूर असा की मला बघायला यायचं ते तातडीने यायचं की रविवारी, एवढंच ठरायचंय.

डॉक्टर माझाच विद्यार्थी. आठवीत व्यस्त प्रमाणात त्याचे मार्क गेले होते, ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही. त्याने नाडी बघितली, 72. मला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर औषधाच्या चिठ्ठीचा कोरा कागद ठेवला. हात थरथरला तर कागद फडफडतो. कागद शाळा तपासणीच्या दिवशीच्या वर्गासारखा गप्प. मग वजनकाट्यावर उभं केलं. गेल्या वर्षीपेक्षा दोन किलो जास्त.

"बाई, थायरॉइड जोरात असलेला माणूस वाळतो. तुम्ही..." पुढचं तो आदराने बोलला नाही. "केसांसाठी काही घेता?"

"बायोटिन."

"किती?"

"रोज दोन."

"बाई, दोन काय? एकक?"

35 वर्षं मी हेच ओरडत आले. पाच काय? आंबे? मीटर? रुपये? एकक नाही तर मार्क नाही. आता मी त्याच्या टेबलासमोर उभी, आणि माझ्याकडे एकक नव्हतं. पिशवीतून बाटली काढली. त्याने ती भिंगाखाली धरून माझ्याकडूनच वाचून घेतली. मायक्रोग्रॅम. 10,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10 मिलिग्रॅम. दिवसाची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम, आणि ती शेंगदाणे-अंड्यांतून आपसूक भागते. दोन गोळ्यांत मी गरजेच्या पाचशे पट रोज गिळत होते. त्याच भिंगाखाली, बाटलीच्या पाठीला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत आणखी दोन ओळी सापडल्या: औषधी वापरासाठी नाही, आणि सांगितलेल्या रोजच्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये. आपल्याकडे या बाटल्यांवर हे छापावंच लागतं. कुठल्या मापाच्या अक्षरात, याची काळजी मात्र सगळ्यांनी मिळून घेतलेली दिसते.

गंमत अशी की एवढ्या बायोटिनने माझं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडला होता तो फक्त रिपोर्ट. बऱ्याच प्रयोगशाळांची यंत्रं रक्तातली द्रव्यं पकडायला बायोटिनच डिंकासारखं वापरतात. रक्तातच त्याचा पूर आला की यंत्राच्या चिकट जागा आधीच भरून जातात. काही आकडे खोटे खाली पडतात, काही खोटे वर चढतात. थायरॉइडचे तिन्ही आकडे मिळून अगदी खऱ्या आजारासारखं चित्र तयार होतं. चित्रावर विश्वास ठेवून औषध सुरू झालं असतं तर धडधाकट थायरॉइड मी पैसे मोजून बंद पाडलं असतं. हृदयविकार ओळखायची ट्रोपोनिनची तपासणीही अशीच फसू शकते. ती खोटी कमी आली आणि रुग्ण दगावला, अशी नोंद देऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली इशारा दिला होता. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

"आठवडाभर बंद. मग पुन्हा रक्त. आणि घरात जे जे आहे ते पिशवीत घालून आणा. सरांचंही."

पिशव्या दोन निघाल्या. ह्यांच्या पिशवीत हळदीच्या कॅप्सूल होत्या. सांगलीत! जिथे हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं होती, जिथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे नवरा हळद बाटलीतून घेतो. "घरचीच वस्तू आहे, काय होतंय?" हे त्यांचं म्हणणं. घरची हळद शंभर ग्रॅम घेतली तर त्यात कर्क्युमिन तीनेक ग्रॅम. कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची आणि जवळजवळ नुसतं कर्क्युमिन. म्हणजे एका घोटात चहाचे चार-पाच चमचे हळद. शिवाय त्यात मिरीचा अर्क. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं की मिरीतल्या पायपरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पट जातं. आमटीतल्या हळदीला शरीर दारातून परत पाठवतं. हिला मिरी हाताला धरून आत नेते. अशा कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या केसेस परदेशात नोंदलेल्या आहेत. डॉक्टरने ह्यांना यकृताची तपासणी लिहून दिली. ती नीट आली, तरी हे दोन दिवस वरणसुद्धा पांढरं मागत होते.

शेजारचे अण्णा इतके नशीबवान नव्हते. त्यांना ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितली होती. त्यांनी ती रोज घेतली, दोन महिने, दुधातून, वेलदोडा घालून. 60 हजार युनिट म्हणजे वजनात दीड मिलिग्रॅम, खसखशीच्या चार-पाच दाण्यांएवढं. एवढ्याशाने काय होतंय, असं कुणालाही वाटेल. अण्णांना सारखी तहान लागू लागली, पोट साफ होईना, मग उलट्या. रक्तातलं कॅल्शियम 13वर गेलं होतं आणि तीन दिवस सलाइन लावून खाली आणावं लागलं. "हाडं बळकट होतील म्हणून घेत होतो," ते खाटेवरून म्हणाले. त्यांच्या बायकोनं विचारलं, "हाडं उरली तर बाकीच्याचं काय?"

मला राहून राहून वाटतं, आपण एकमेकांना 'काय घेता' विचारतो, 'किती' कधीच विचारत नाही. जुने लोक याबाबतीत जास्त काटेकोर होते. चरकाने च्यवनप्राशाचं प्रमाण सांगताना म्हटलंय की जेवणाच्या आड येणार नाही एवढाच घ्यावा. आमच्याकडे सकाळच्या पाच गोळ्या आणि एक पावडर झाल्यावर हे पोह्यांची बशी अर्धी सारायचे.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. रॅपामायसिन हे सध्या दीर्घायुष्यवाल्यांचं लाडकं औषध. मुळात ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी, प्रतिकारशक्ती दाबणारं. वय थांबवायला निघालेल्या ब्रायन जॉन्सन या कोट्यधीशानेही 2024 साली ते सोडलं, कारण कातडीचे जंतुसंसर्ग होऊ लागले आणि साखर वाढली. ते शोधणारे सुरेन सहगल आपल्याकडचे. कंपनीने त्यावरचं काम थांबवल्यावर त्यांनी ते औषध बनवणारे जंतू मॉन्ट्रियलहून न्यू जर्सीला हलताना घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी जपले आणि पुडक्यावर लिहिलं: खाऊ नका. या सगळ्या व्यवहारात मला पटलेलं हे एकमेव लेबल.

आठवड्याने पुन्हा रक्त दिलं. टीएसएच 2.4, अगदी शहाण्यासारखा. चिडचिड तशीच आहे, त्यामुळे ह्यांचं संशोधन आता निराधार झालंय. भाच्याची बाटली त्याच्याच बॅगेत परत गेली.

बायोटिनची बाटली मात्र टाकवेना. तोंड रुंद, झाकण घट्ट. गोळ्या काढल्या, कढत पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्यात मोहरी भरली. लेबल काही केल्या निघालं नाही. 'रोज एक' असं त्यावर अजून आहे. मोहरी मी अंदाजाने टाकते.