मोठ्या मापाचं स्वेटर

आमच्या आणि काकूंच्या घरामधली भिंत कमरेएवढी. उन्हाळ्यात तिच्यावर पापड वाळतात, हिवाळ्यात आम्ही दोघी. २०२५च्या डिसेंबरातली सकाळ, ऊन नुकतं कोपऱ्यावर आलेलं. मी नवं स्वेटर झटकत होते.

"कुठलं वो हे?"

"बाजारातलं. ती तिबेटी बाई बसते ना, तिच्याकडचं."

"मलेही दोन पाहिजे, नातवांसाठी. तिकडे बर्फ पडून राहिला म्हणते."

न्यू जर्सीच्या बर्फाला गोंदियाचं स्वेटर! पण काकूंना असं तोंडावर कोण म्हणणार? मी म्हटलं, "लेक येणार होता ना लग्नाला? त्याच्याच हाती द्या."

"कुठचा येते बाप्पा! तिकीट कॅन्सल. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईत मुलाखत होती याच महिन्यात, ते थेट मार्चच्या पुढं ढकलली. आला अन अडकला तं? विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदिया-मुंबई करत बसावं का त्यानं? नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळा म्हणते तिकडे."

मग विषय कार्डावर आला. येतोच. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहावी तशा काकू दर महिन्याला ग्रीन कार्डाचं बुलेटिन पाहतात. इंग्रजी वाचता येत नाही, पण कुठल्या रकान्यात भारत आणि कुठल्या ओळीत आपला लेक, हे त्यांना पाठ आहे.

"२०१६चा नंबर आहे त्याचा. अन यादी अजून २०१३च्याच लोकायले बोलावून राहिली."

"मग तीनच वर्षं राहिली की."

"तीन? अगं, ते यादी एका महिन्यात पंधरा दिवस सरकते, दुसऱ्यात जागची हालत नाही, अन कधी तं मागंच येते! नोकरीवाल्यायले वर्षाला कार्डं एक लाख चाळीस हजार. त्यातच बायका अन लेकरंही मोजतात. अन एका देशाले सात टक्के. भारत असो की आइसलँड."

आइसलँड काकूंच्या अगदी डोक्यात बसलंय. तिथली वस्ती चार लाखांच्या आसपास आणि आपल्या एकट्या गोंदिया जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत तेरा लाखांवर, हे त्यांनी मला निदान दहादा ऐकवलंय. "राशन दुकानात असं वाटलं असतं, दोघायच्या घरालेही पोतं अन वीसजणायच्या घरालेही पोतं, तं लोकायनं दुकानदाराले सोडलं असतं का वो?"

"पण नातीचं तरी झालं ना?"

"लहानी तिकडेच झाली, ते जन्मतःच अमेरिकन. मोठा नागपूरचा. चौदाचा आहे. तो एकवीसचा झाला की बापाच्या अर्जातून बाहेर, मग त्याची लाइन वेगळी. एका ताटात जेवतात दोघं."

मला ती स्वेटरवालीच आठवली. "काकू, ती बाईही असंच काहीतरी सांगत होती."

"ते तं नेपाळची ना?"

"नाही वो. प्रतापगडची, आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. महाशिवरात्रीच्या जत्रेला नाही का जात आपण, तिथं. तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ची. तेव्हा सगळा भंडारा जिल्हा होता. १९९९ला आपण वेगळे झालो, पण वसाहतीच्या नावामागं अजून भंडाराच लागतो."

"मग?"

"मग काय, तिचा जन्म इथलाच, तरी जवळ परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक. मुदत संपली की पुन्हा शिक्के. भाऊ १९८६चा, ही १९८८ची. कायदा म्हणतो, १ जुलै १९८७च्या आधी इथं जन्मला तो भारतीय. दिल्ली हायकोर्टानं २०१०ला आणि परत २०१६ला तेच सांगितलं. म्हणजे भाऊ भारतीय, ही नाही."

"एकाच मायची लेकरं?"

"एकाच. आणि भावालाही कुठं सुख? २०१७ला पासपोर्ट द्यायला निघाले तर अट आली, आधी ते पुस्तक जमा करा आणि वसाहतीतून बाहेर पडा. घर सोडून पासपोर्ट काय करायचा, म्हणून तोही तसाच बसलाय."

काकू गप्प झाल्या. पाच वर्षांच्या शेजारात हे मी दुसऱ्यांदा पाहिलं.

"मराठी बोलते का?"

"तुमच्यासारखीच. 'काय करून राहिली बाई' म्हणते."

"भाव करते?"

"ना. एक रुपया सोडत नाही."

"मंग पक्की गोंदियाचीच आहे," म्हणत काकूंनी भिंतीवरून हात लांबवून स्वेटर ओढून घेतलं आणि अंगाला लावून पाहिलं. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. मी म्हटलं, "मोठ्याला फार ढगळ होईल हो."

"होऊ दे. त्याचा बाप येईन, घेऊन जाईन, तवापर्यंत येईल बरोबर."

आणि गेटकडे जाता जाता मागे वळून, "ते बाई शनिवारी बसते की रविवारी?"