जोश्यांचा पेइंग गेस्ट

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा भिंतीजवळ या. तिथून बोललं की पार वळणापर्यंत आवाज जातो. अन् ते वाळवण राहू द्या हो, कापड टाका त्याच्यावर.

जोश्यांचं कळलं ना? पुण्याच्या जोश्यांचं! पोरगी पळाली, अनुजा. घरातल्याच पेइंग गेस्टसोबत. अन् काही महिन्यांनी परत आली, एकटीच. तो? तो गेला. कुठं गेला, काहून गेला, कोणालाच पत्ता नाही. पण खरी मजा तर... मजा म्हणू नये म्हणा, पण पुढचं ऐका. त्या अनुजाचा भाऊ आहे ना, तनय, तोही त्याच पेइंग गेस्टच्या... हो. तेच. बरोबर समजलात. असे डोळे मोठे करू नका, तुमच्या सासूबाई खिडकीतून पाहून राहिल्या.

अहो, नात्यातले नाहीत, पुस्तकातले! ‘कोबाल्ट ब्लू’. सचिन कुंडलकरचं. तोच, ‘गुलाबजाम’ सिनेमावाला. मौजेनं काढलं २००६ साली. लिहिलं तेव्हा पोरगा विशी-बाविशीतला असेल नसेल. पुढं जेरी पिंटोनं इंग्रजीत नेलं अन् २०२२ साली नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, प्रतीक बब्बर होता पाहा त्यात पेइंग गेस्ट. सिनेमात घर पुण्याचं उचलून कोचीला नेऊन ठेवलं. समुद्र वगैरे छान दिसतो, नाही म्हणत नाही. पण मला विचाराल तर तो प्रकार पुण्याच्या घरातच शोभतो. जिथं एकमेकांच्या खोलीत डोकवायचं नाही असा नियम असतो ना, तिथंच असं होतं बाई.

तर काय सांगत होते... हां, किरायेदार. तुम्ही म्हणे वरची खोली देऊन राहिल्या, प्लांटमधल्या पोराला? द्या बाप्पा, मी कोण अडवणार. एनटीपीसी आल्यापासून मौद्यात वरच्या मजल्यांना भाव आलाय, अन् आता तर २३२० मेगावॉटचा कारखाना झाला तो. माणसं कुठून कुठून येऊन राहिली, त्यांना छप्पर तर लागणारच. पण माझं एक ऐका, नाव-गाव नीट विचारून घ्या. त्या जोश्यांनी काय केलं माहीत आहे? वरची खोली दिली, किराया घेतला, चहा पाजला, जेवायला बसवलं. अन् अख्खं पुस्तक संपलं तरी त्या माणसाचं नाव नाही! खरंच सांगते, मी दोनदा पानं उलटून पाहिली. तनय आपला ‘तू, तू’ करून सांगतो सगळं, जणू समोरच बसलाय तो. अनुजा रोजनिशीत लिहिते, तिथंही ‘तो’. आई-बाप मेलेले, चित्रं काढतो, निळ्या रंगाचा नाद, इतकीच माहिती. आता अशा माणसाला शोधायचं कसं? पोलिसांत जाऊन सांगणार काय, निळा आवडायचा म्हणून?

आपल्याकडं चाललं असतं का असं? नवा माणूस आला की सामान टेम्पोतून उतरायच्या आत गाव कळतं, आडनाव कळतं, लग्न झालं का ते कळतं अन् नसेल झालं तर कोणाची पोरगी दाखवायची तेही ठरतं. लोक नावं ठेवतात आपल्याला, चौकशा फार करता म्हणून. मग करायच्या नाहीत का?

अन् तुम्हाला सांगते, आपला रामटेकचा यक्ष घ्या. हो हो, कालिदासाचा. आपल्या नागपूरच्या मिराशींनी तर रामगिरी म्हणजे रामटेकच असं मांडून ठेवलंय. त्याची बायको तिकडं अलकेला अन् हा वर्षभराच्या शिक्षेवर इकडं. पण पत्ता कसा देतो ढगाला! इथून असा जा, वाट वाकडी होते पण उज्जैन चुकवू नको, मग कुबेराच्या वाड्याजवळ घर, कमान इंद्रधनुष्यासारखी, अंगणात मंदाराचं झाड, विहिरीला पाचूच्या पायऱ्या, दारावर शंख अन् पद्म काढलेले. पोस्टमन चुकायचा नाही! ढग असून पोचेल असा पत्ता. अन् इथं दोन-दोन माणसं जीव टाकून बसली, अन् हातात काय? रिकामी खोली.

आमच्या सासऱ्यांना नेऊन द्यावं म्हटलं पुस्तक, त्यांना रहस्यकथांचा नाद. बाबुराव अर्नाळकर कोळून प्यालेला माणूस तो. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली हो अर्नाळकरांनी, झुंजार काय, काळा पहाड काय. वीस पानं वाचली सासऱ्यांनी अन् चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ‘‘यात डिटेक्टिव कुठाय?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘खून?’’ नाही. ‘‘मग तो सापडते तरी का शेवटी?’’ आता सांगू की नको असं झालं मला. माझ्या तोंडाकडं पाहूनच समजले. चेहरा असा पडला त्यांचा, जसं जेवणावर बसवून ताट उचललं कोणी. मग आपलं जुनं सुरू केलं, ‘पाठलाग’ कसा होता, राजा परांजप्यांचा, १९६४ चा, काशिनाथ घाणेकर अन् भावना. गेलेली बायको कोर्टात समोर उभी राहते, अन् वकील नवरा म्हणतो ही माझी नव्हेच. त्याच्यावरनंच मग हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, सुनील दत्त अन् साधना, तो बरेलीचा झुमका हरवते तो. गंमत सांगू, ‘पाठलाग’ ज्या कादंबरीवरून काढला ना, जयंत देवकुळ्यांची, तिचं नावच ‘आशा परत येते’! घ्या, मुखपृष्ठावरच गुपित फोडलं. तरी लोकांनी रांगा लावल्या.

पण भिशीतलं राहिलंच! मागची मास्तरीणबाईंकडं होती. सांबारवड्या केल्या होत्या, सोबत कढी. अन् विषय निघाला जोश्यांचा. तास-दीड तास, वहिनी, नुसती अनुजा. पळालीच कशी, ती ट्रेकिंगवाली, मोकळी पोरगी, घरच्यांनी जास्तच मोकळीक दिली. मेडिकलवाल्यांची सून म्हणते, ‘‘असली पुस्तकं मी तर घरात नाही ठेवणार बाई, पोरं मोठी होऊन राहिली.’’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘परत आली तर घरात घेतली ना, डॉक्टरला दाखवलं ना, बस झालं.’’ एकीनं आईची बाजू घेतली, दुसरीनं बापाची. मोठा भाऊ असीम, त्याच्या लग्नाचं काय होणार, याच्यावर तर दोन गट पडले.

अन् मास्तरीणबाईंच्या आजेसासू कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. आपल्याला वाटतं ऐकू येत नाही त्यांना. हातातला लसूण ठेवला त्यांनी सुपात अन् म्हणाल्या, ‘‘त्या पोरीले तर समद्यायनं पुसलं. पोराले कोनं पुसलं?’’

कोणी बोलेना. मेडिकलवालीची सांबारवडी अर्ध्यातच थांबली हातात, कढीचा थेंब साडीवर पडला तरी लक्ष नाही. मास्तरीणबाई तर उठून उगाच पंखा वाढवायला गेल्या, वाढवलेलाच होता.

कारण खरंच आहे हो ते. अनुजा गेली तेव्हा घर हललं, आली तेव्हाही हललं. ओरडले, रडले, दारं लावली, पण तिचं काहीतरी गेलंय हे सगळ्यांना दिसलं. अन् तनय? त्याचाही तोच माणूस गेला. त्याच दिवशी गेला. वर बहीणच घेऊन गेली. अन् त्यानं जेवणाच्या टेबलावर बसून आमटी वाढून घ्यायची, आईला धीर द्यायचा, बहीण सापडावी म्हणून सगळ्यांसोबत काळजीचं तोंड करायचं. रडायचं तर कोणत्या नात्यानं रडायचं? सांगायचं कोणाला? तेव्हा तर कायदाच विरुद्ध. ते ३७७ कलम सुप्रीम कोर्टानं मोडलं ते २०१८ साली, पुस्तक आलं त्याच्या बारा वर्षांनी. अन् कायदा गेला म्हणून आईसमोर तोंड उघडतं का पोरगं? ज्या खोलीत जीव गुंतला ती माळ्यावरची खोली तशीच, डोक्यावर. तो मेला सुखानं निघून गेला...

मी म्हणते आईला कळलं नसेल? वहिनी, मला नाही पटत. पोरगा दोन घास कमी जेवला तर आपल्याला वासावरून कळतं. पण काही कळणं असं असतं की विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. म्हणून नाही विचारत बायका. मास्तरीणबाई म्हणाल्या, छे, कळलं नसणार. अन् आजी त्यांच्याकडं पाहून अशा हसल्या... जाऊ द्या, त्यांच्या घरातलं मला माहीत नाही, अन् असलं तरी मी कशाला सांगू.

तर त्या दिवशी पुस्तक कोणी घरी न्यायचं यावर थोडं हे झालं. सगळ्याच म्हणाल्या, नको बाई, सध्या वेळ नाही. शेवटी कोणी नेलं सांगा? मेडिकलवालीनं! जी म्हणे घरात ठेवणार नव्हती. पिशवीत, खाली वांगी अन् वर मेथी, मधात पुस्तक. तेव्हापासून मागून राहिले. आधी म्हणे पाहुणे आले. मग म्हणे अर्धं झालं. काल पुन्हा फोन केला तर इतक्या हळू आवाजात म्हणते, ‘‘ताई, थांबा ना दोन दिवस, आमचे हे वाचून राहिले.’’