भाड्याचा फ्लॅट कसा पोसावा

दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देऊ इच्छिणाऱ्याने ‘हप्ता काय, भाडेकरूच फेडतो’ हे वाक्य रोज सकाळी अनशापोटी म्हणावे आणि आकडेमोड शक्यतो टाळावी. पुण्यात ८० लाखांचा टू बीएचके घेतला असे धरू. बँक ६४ लाख देते. उरलेले १६ लाख, सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार आपल्याच मुदत ठेवी मोडून भरायचे असतात. मोडताना हळहळू नये. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता बसतो ५५,५४१ रुपये. भाडे येते २२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून साडेचार हजार वजा केले की हाती उरतात साडेसतरा. घरात राहतो तो २२ हजार मोजतो आणि न राहणारा दरमहा ३८ हजार पदरचे घालतो, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय आपण तिथे राहत नाही म्हणून महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाते आणि सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावते. नागरी जीवनात अनुपस्थितीला इतकी किंमत क्वचितच मिळते.

यावर जाणकार म्हणतात, ‘भाडं दर वर्षी वाढतं, हप्ता तेवढाच राहतो.’ मुद्दा बिनतोड आहे. भाडे न चुकता दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढले, तर विसाव्या वर्षी ते ५५,५९३ रुपये होऊन हप्त्याला ५२ रुपयांनी मागे टाकते. एकोणीस वर्षे धीर धरणाऱ्याला कर्जाच्या शेवटच्या वर्षी हा आनंद मिळतो, तोही मेंटेनन्स न धरता. दुसरा युक्तिवाद सक्तीच्या बचतीचा. पहिल्या हप्त्यातले ४५,३३३ रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते १०,२०८ रुपयांचे. म्हणजे खिशातून ३८ हजार काढून दहा हजार वाचवायचे. बचतीचे याहून सोपे मार्ग आहेत, पण त्यांची वास्तुशांत करता येत नाही.

करसवलतीचा आधार घ्यायचा असेल, तर तो जुन्या आठवणींवर घ्यावा. भाड्यातून तीस टक्के सरसकट वजावट आणि सगळे व्याज वजा केल्यावर पहिल्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास तोटा दिसतो. एके काळी तो सगळाच्या सगळा पगारातून वजा व्हायचा. २०१७-१८ पासून त्याला वर्षाला २ लाखांची मर्यादा आली, आणि नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. तरीही पार्टीत ‘टॅक्ससाठी घेतलाय’ म्हणायला कोणतेही कलम आड येत नाही.

खरे कौशल्य रोकड फिरवण्यात लागते. भाडेकरूची अनामत हे बिनव्याजी देणे असते. ती पहिल्या दोन हप्त्यांत खर्चावी. तो निघाला की नव्या भाडेकरूची अनामत घेऊन जुन्याला द्यावी आणि दोघांची गाठ पडू देऊ नये. मध्ये एक महिना फ्लॅट रिकामा राहिला, एक महिन्याचे भाडे दलालाने नेले आणि भिंतींवरचे खिळ्यांचे खड्डे बुजवून रंग मारला, की वर्षाचे भाडे दहा महिन्यांवरही येत नाही. करार अकरा महिन्यांचा केला म्हणून नोंदणी सुटते, ही समजूतही सोडावी. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी मालकाची असते. मग व्याजदर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की, व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. असे पत्र आले तर ते उघडावे लागते, हा या सुधारणेतला एकमेव जाच.

कर्जच काढले नाही तर? तर हेच साडेसतरा हजार शुल्कासह ८६ लाखांवर वर्षाला अडीच टक्केही पडत नाहीत, म्हणजे मोडलेल्या मुदत ठेवीच बऱ्या होत्या. तेव्हा सगळा भार भाववाढीवर येतो, आणि भाववाढ होत नाही असे कोणी म्हणणार नाही. ती होते; पण हप्त्याच्या तारखेला स्वयंपाकघराचा ओटा विकून ३८ हजार उभे करता येत नाहीत. विकायचा तर अख्खा फ्लॅट, तोही गिऱ्हाईक मिळेल तेव्हा, आणि गिऱ्हाईक आधी रिकामा ताबा मागते. जो भाववाढीवर बोली लावतो त्याने तसे उघड म्हणावे आणि ती होईपर्यंत तग धरायला निदान सहा हप्त्यांचे ३ लाख ३३ हजार वेगळ्या खात्यात ठेवावेत. ते कुठे आहेत असे विचारल्यावर बहुतेक गुंतवणूकदार मॉड्युलर किचनकडे बोट दाखवतात.