जागलीवरचा लॅपटॉप

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत दुपारी बाराच्या सुमारास मजल्यावर एक फेरी मारा, हे गृहस्थ हमखास दिसतील. एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगकडे निघालेले. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, उजव्या हातात चहाचा कागदी कप आणि डाव्या हातात लॅपटॉप. तोही धड उघडा नाही, धड मिटलेला नाही. झाकण आणि कीबोर्डच्या फटीत तर्जनी अडकवलेली. समोरून मॅनेजर आला तर कप वर करून नमस्कार होतो, दार खांद्याने ढकललं जातं, लिफ्टचं बटण कोपराने दाबलं जातं. पण बोट काही निघत नाही. बोट निघालं की झाकण मिटणार, झाकण मिटलं की लॅपटॉप झोपणार, आणि एकदा झोपलेला लॅपटॉप उठेल तेव्हा होता तसाच उठेल यावर या गृहस्थांचा काडीचा विश्वास नाही.

हजेरीपटावर त्यांचं नाव काहीही असू दे, आपण त्यांना जागले म्हणू. उभ्या पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर रानात बसायला जातात, त्याला जागलीला जाणं म्हणतात. जागल्यांनी त्या कामावर लॅपटॉपची नेमणूक केली आहे. शेतातला माणूस पहाटे घरी येऊन झोपतो तरी. या लॅपटॉपला ती सवलत नाही.

झाकण मिटल्याचं यंत्राला कळतं कसं, हे जागले कुणालाही, न विचारता, समजावून सांगतात. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं लोहचुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला 1879 साली चुंबकीय क्षेत्राचा जो परिणाम सापडला, त्याच्यावर हा सेन्सर चालतो. चुंबक जवळ आलं की यंत्र समजतं, मिटलं. बिचाऱ्याला एवढंच कळतं. म्हणून एका चालू लॅपटॉपवर दुसरा ठेवला तर कधी कधी वरचा झोपी जातो, आणि मनगटावर चुंबकाच्या बंदाचं घड्याळ असेल तर टाइप करता करता स्क्रीन काळी होते. जागल्यांच्या सहकाऱ्याच्या बाबतीत असं झालं तेव्हा हेल्पडेस्कने लॅपटॉप बदलून दिला, नंतर चार्जर बदलून दिला. अखेर जागल्यांनी जाऊन घड्याळ काढायला लावलं. कंपनीत त्यांच्याविषयी जो काही आदर आहे तो त्या दिवसापासूनचा.

ही सवय लागली ती बीएसएनएलमुळे. ब्रॉडबँडच्या सुरुवातीच्या काळात काही योजनांमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे. जागले तेव्हा इंजिनिअरिंगला होते. दोनचा गजर लावून उठायचं, सिनेमा डाउनलोडला लावायचा आणि परत झोपायचं, असा नेम. पण लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, तिथेच वडील झोपलेले, आणि स्क्रीनचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर. “तो दिवा मालव आधी,” अशी अंधारातून आज्ञा आली. झाकण मिटावं तर डाउनलोड बंद. त्याच रात्री जागल्यांनी पॉवर ऑप्शन्सच्या खिडक्या पालथ्या घालून ‘झाकण मिटल्यावर काय करायचं’ हा प्रश्न शोधून काढला आणि त्याचं ‘डू नथिंग’ हे उत्तर निवडलं. काहीही करू नकोस. आयुष्यात यंत्राला दिलेली ही त्यांची पहिली यशस्वी आज्ञा.

सकाळी आई उठली. झाकण मिटलेलं पाहून लॅपटॉप बंद आहे असं समजून तिने धूळ बसू नये म्हणून त्यावर टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल घातला. सिनेमा पूर्ण उतरला. लॅपटॉपचा पंखा मात्र महिन्याभरात खरखरायला लागला, आणि दुरुस्तीवाल्याने आतून कापसाची बोंडं शोभतील असे धुळीचे पुंजके काढले.

वास्तविक झाकणाचा आणि झोपेचा संबंध जन्मापासूनचा नाही. बिल मॉग्रिज यांनी आरेखन केलेला ग्रिड कंपास हा घडी घालता येणारा संगणक 1982 साली बाजारात आला, नासाच्या स्पेस शटलमधूनही फिरून आला. त्याचं झाकण होतं ते पडदा सांभाळायला. त्यात बॅटरीच नव्हती. वायर काढली की विषय संपला. पुढे लॅपटॉपमध्ये बॅटरी आली, बॅटरी पुरेना, आणि यंत्राला झोपवण्याचं शास्त्र जन्माला आलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 साली एसीपीआय नावाचं मानक काढलं आणि त्यात झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. एस-थ्री ही त्यातली गाढ झोप: प्रोसेसर बंद, पडदा बंद, फक्त मेमरीला जीव धरण्यापुरती वीज.

जागल्यांचं म्हणणं, या झोपेतच घात आहे. आणि इथे त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. यंत्र झोपलं की नेटवर्क सुटतं. नेटवर्क सुटलं की कंपनीचं व्हीपीएन तुटतं. ते पुन्हा जोडायचं म्हणजे पासवर्ड, मग फोनवर ओटीपी. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. तो आणेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. दूरच्या सर्व्हरवर एखादं तासाभराचं काम लावलेलं असेल तर जोडणी तुटल्यावर तेही बहुधा अर्धवट मरतं. नव्वद टक्क्यांवर आलेलं काम डब्याचं झाकण लावल्यासारखं झाकण लावलं म्हणून मेलं, तर कोणता माणूस पुन्हा त्या झाकणाला हात लावेल?

खरं तर याला उपाय आहे आणि तो जुना आहे. स्क्रीन नावाचा एक प्रोग्रॅम 1987 पासून उपलब्ध आहे. टीमक्स हा त्याचाच धाकटा भाऊ. सर्व्हरवर त्याच्यात काम सुरू केलं की इकडे लॅपटॉप झोपो, फुटो, नाहीतर विहिरीत पडो, तिकडे काम चालू राहतं. जागल्यांना हे पाठ आहे. दर वर्षी नव्याने लागलेल्या पोरांना ते फळ्यावर आकृती काढून टीमक्स शिकवतात. शिकवून झालं की बोट फटीत घालून आपल्या जागेवर परत येतात.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून ‘डू नथिंग’ची ती सेटिंगच कुलूपबंद केली. पॉवर ऑप्शन्समधला तो रकाना राखाडी झाला. आयटी विभागाचा मुद्दा रास्त होता: झाकण मिटलेला, पण आतून जागा आणि अनलॉक असलेला लॅपटॉप रिक्षात विसरला तर उचलणाऱ्याला सगळं ताटात वाढून मिळतं. पण अडवल्यावर थांबतील ते जागले कसले. त्यांनी कीबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांवर मुलीची खोडरबरं ठेवून झाकण त्यांच्यावर टेकवायला सुरुवात केली. दुरून पाहणाऱ्याला लॅपटॉप मिटलेला वाटतो, सेन्सरला उघडा. हा प्रयोग कुणी करू नये. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्डमधलं अंतर इतकं कमी असतं की ॲपलने 2020 साली कॅमेऱ्यावर लावायच्या चिमुकल्या झाकणीसकट मॅकबुक मिटू नका, पडदा तडकेल, अशी सूचना काढली होती. झाकणी जर चालत नाही तर खोडरबराचं काय घेऊन बसलात!

जागल्यांचे एक मित्र मॅकवाले आहेत. तिथे बाहेरचा मॉनिटर, चार्जर आणि स्वतंत्र कीबोर्ड-माउस जोडला की झाकण मिटूनही काम चालतं, अशी अधिकृत सोय आहे. मित्राकडे मॉनिटर नाही. त्याने एक पेरूच्या फोडीएवढा प्लग आणला आहे. तो लॅपटॉपला लावला की लॅपटॉपला वाटतं, मॉनिटर जोडलाय. नसलेल्या मॉनिटरवर नसलेलं चित्र पाठवत तो लॅपटॉप रात्रभर जागतो. याच मॅकसाठी ॲम्फेटामाइन नावाचं एक जागं ठेवणारं ॲप आहे. नाव उत्तेजक औषधाचं आणि चिन्ह गोळीचं, म्हणून 2020 च्या अखेरीला ॲपलने ते हटवण्याची तंबी दिली आणि काही दिवसांत मागेही घेतली. त्या चार दिवसांत मित्राला झोप नव्हती. मॅकला तर नव्हतीच.

या जमातीत एक समंजस पोटजातही आहे. जुना, पडदा फुटलेला लॅपटॉप घरच्या सर्व्हरसारखा वापरणारी. त्यावर लिनक्स टाकायचं, लॉगइंड डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’ पुढे ‘इग्नोर’ लिहायचं, आणि तो मिटून हवेशीर जागी उभा करून ठेवायचा. घरातले फोटो त्यावर जमा होतात, वीज गेली तर त्याची स्वतःची बॅटरी असतेच. मात्र चोवीस तास चार्जरवर राहिलेली जुनी बॅटरी फुगू शकते, म्हणून चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घालणं बरं. या लोकांना कारण विचारलं तर ते एका वाक्यात सांगता येतं. जागल्यांना विचारलं तर चहा मागवावा लागतो.

कारण लॉकडाउननंतर त्यांच्या जागलीत एक नवं कलम आलं: हिरवा ठिपका. टीम्सवर पाच मिनिटं हालचाल दिसली नाही की तो पिवळा होतो, आणि पिवळा ठिपका म्हणजे माणूस वामकुक्षी घेतोय असं जगाला वाटतं, अशी जागल्यांची समजूत. जगाला एवढा वेळ आहे का, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. काट्याच्या घड्याळावर माउस उपडा न घालता अलगद ठेवायचा, सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण हलतो, ही युक्ती त्यांनी करून पाहिली. ती बंद केली ती 2024 ची बातमी वाचून: अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनभराहून जास्त माणसांना घरी पाठवलं होतं. आता घड्याळ पुन्हा मनगटावर आहे.

आणि अलीकडे तर त्यांना सज्जड निमित्त सापडलं आहे. एआय एजंट. त्याला काम सांगायचं, तो लॅपटॉपवर तासभर स्वतःच कोड लिहीत, चालवत, मोडत बसतो; म्हणजे माणूस मोकळा. फक्त लॅपटॉप जागा हवा. त्यामुळे माणसाला मोकळं करणाऱ्या या कामाच्या दिमतीला जागले फटीत बोट घालून कँटीनच्या रांगेत उभे असतात. ताट एका हाताने भरतात. वरण घेत नाहीत, सांडतं.

घरी याचा जाच बायकोला. “तुझा लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, चादर तापते,” हे तिचं रोजचं वाक्य. पुण्यात गुरुवार हा महावितरणचा देखभालीचा वार; वीज गेली की राउटर बंद, इंटरनेट बंद, आणि मिटलेल्या झाकणाआड लॅपटॉप मात्र बॅटरी जाळत जागा. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नाही. कारण घरच्या लॅपटॉपवर जागल्यांनी ‘चार्जरवर’ आणि ‘बॅटरीवर’ या दोन्ही रकान्यांत ‘डू नथिंग’ ठेवलं आहे. अर्धं काम त्यांना आवडत नाही.

खरी परीक्षा सॅकमध्ये. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघायचं, वाकडच्या पुलावर अडकायचं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये जागा लॅपटॉप, भोवती जेवणाचा डबा, छत्री आणि रेनकोट. पंखा ओढून ओढून तीच गरम हवा आत घेतो. मॅकबुक 10 ते 35 अंश तापमानात वापरावं असं ॲपल सांगतं. रेनकोटात गुंडाळलेल्या सॅकचा त्यात विचार नसावा. कोथरूडला पोहोचेपर्यंत जागल्यांची पाठ शेकून निघते, बॅटरी तळाला जाते, आणि अगदी संपत आल्यावर विंडोज स्वतःच सगळं डिस्कवर उतरवून बंद होतं. व्हीपीएन तुटलेलं, काम अर्धवट, ओटीपी पुन्हा. जे होऊ नये म्हणून सारा खटाटोप, नेमकं तेच होतं. फक्त तासभर उशिरा आणि गरम होऊन.

गंमत अशी की त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची तक्रार उलटी आहे. त्या रीतसर झाकण मिटून लॅपटॉप झोपवतात आणि तो सॅकमध्ये आपण होऊन उठतो. गेल्या काही वर्षांत पुष्कळ विंडोज लॅपटॉपमधली ती जुनी गाढ झोप जाऊन मॉडर्न स्टँडबाय आलं. त्यात यंत्र फोनसारखं डुलक्या घेतं, मध्येच मेल आणतं, कधी अपडेट घेतं. बाई रोज ‘पॉवरसीएफजी’ची आज्ञा देऊन काल रात्री त्याला कुणी उठवलं याचा तपास करतात. यंत्र जागं ठेवायला धडपडणारा आणि झोपवायला धडपडणारी, दोघं एकाच रांगेत बसतात आणि एकमेकांना सल्ला देतात.

मागच्या महिन्यात जागले नागपूरला निघाले. लोहगावच्या विमानतळावर सॅक जड झाली म्हणून ती लगेजमध्ये द्यावी असा विचार त्यांनी केला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सर, आत लॅपटॉप आहे का? पूर्ण बंद आहे ना?” जागल्यांनी स्लीप, हायबरनेट आणि शटडाउन यांतला फरक सांगायला सुरुवात केली. मागच्या रांगेने उसासा टाकला. शेवटी लॅपटॉप बाहेर काढून, बोट फटीत घालून, ते तो हातातच घेऊन गेले.

तेव्हा तुमच्या घरात किंवा ऑफिसात असे कुणी जागले असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांचा लॅपटॉप पाच मिनिटं मागून घ्या. ‘चार्जरवर’च्या रकान्यात त्यांचं ‘डू नथिंग’ खुशाल राहू द्या, ‘बॅटरीवर’च्या रकान्यात ‘स्लीप’ निवडा. आणि विमानात लगेजमध्ये द्यायचा असेल तर तो शटडाउनच करायचा. झोपलेला किंवा हायबरनेट केलेला लॅपटॉप तिथे नियमाने चालत नाही.